किनाऱ्यावर चढणारी बोट चाळीस वर्षं कशी टिकते? ‘गुलदार’च्या निमित्ताने संशोधनाचे चार धडे



पेट किंवा सेट-नेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: “संशोधनासाठी विषय शोधायचा कसा?” माझं उत्तर साधं आहे. विषय शोधत बसू नका. एखादी वस्तू घ्या आणि तिला प्रश्न विचारत सुटा. ती अशी का बनवली, किती दिवस टिकली, का बाद झाली आणि बाद झाल्यावर तिचं काय झालं. एवढ्या चार प्रश्नांतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडं अर्थशास्त्रही बाहेर येतं.

आज आपण अशीच एक वस्तू घेऊ: नौदलाची ‘गुलदार’ नावाची बोट. गुलदार म्हणजे बिबट्या. सैनिक आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही युद्धनौका १९८५ मध्ये पोलंडमध्ये नौदलात दाखल झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या, ताब्यात आली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिला समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती तयार करायची, अशी ही योजना आहे.

आता कुणी म्हणेल, सोनगीरच्या माणसाचा आणि समुद्राचा काय संबंध? आपल्याकडे पाणी म्हणजे पांझरा, नाहीतर तापी. धुळ्याहून मुंबईचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटरवर. पण माझं काम धातूंच्या क्षरणावर आहे, आणि सोनगीर ओळखलं जातं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. धातू वापरात कसा झिजतो आणि त्याला कसं जपायचं, हे आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. बोट म्हणजे तरी काय, धातूचं एक मोठं भांडंच. फरक इतकाच की इथे पाणी बाहेर ठेवायचं असतं.

पहिला प्रश्न: अशी बोट बनवायची कशी?

साधं जहाज किनाऱ्यापासून लांब राहतं. त्याला बंदर लागतं, धक्का लागतो, क्रेन लागते. युद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर यातलं काहीच मिळत नाही. त्सुनामीनंतर बंदर मोडून पडलेलं असतं, तेव्हाही मिळत नाही. मग जहाजानेच वाळूवर जाऊन टेकायचं, पुढचं दार उघडायचं, उतरंड खाली सोडायची आणि रणगाडा, ट्रक, माणसं थेट जमिनीवर. वाचायला सोपं वाटतं, पण या एका गरजेमुळे जहाजाचा सगळा आकारच बदलतो.

अडचण बघा. समुद्रात लांबचा प्रवास करायचा तर जहाज पाण्यात खोल बसलेलं बरं. खोल बसलं की ते स्थिर राहतं, लाटांवर आपटत नाही. किनाऱ्यावर चढायचं तर मात्र ते उथळ बसायला हवं. एकाच जहाजाकडून या दोन उलट मागण्या आहेत.

यावरचा तोडगा दुसऱ्या महायुद्धात पक्का झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे अभियंते जॉन नीडरमायर यांनी रणगाडे उतरवणाऱ्या जहाजाचा एक कच्चा आराखडा काढला. कल्पना अशी की जहाजाच्या पोटात पाण्याच्या मोठ्या टाक्या ठेवायच्या. खोल समुद्रात त्या भरून घ्यायच्या, म्हणजे जहाज जड होऊन खोल बसेल. किनारा जवळ आला की पंपाने पाणी बाहेर फेकायचं, म्हणजे जहाज हलकं होऊन वर उचललं जाईल. या आराखड्यावर अमेरिकेने युद्धकाळात एक हजाराहून जास्त जहाजं बांधली. एलएसटी म्हणतात ती हीच. पाण्याच्या या टाक्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. त्या लक्षात ठेवा, पुढे आयुष्यमानाच्या गोष्टीत त्याच खलनायक होणार आहेत.

गुलदार याच घराण्यातली, पण आकाराने मध्यम. लांबी सुमारे ८३.९ मीटर, रुंदी ९.७ मीटर, वजन सुमारे १,१२० टन. आता वही-पेन घ्या. या तीन आकड्यांवरून ती पाण्यात किती खोल बसत असेल, ते काढता येईल का?

येईल. आर्किमिडीज शाळेत शिकलोय आपण. जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन म्हणजेच जहाजाचं वजन. जहाज पूर्ण ठोकळा असतं तर पाण्याखालचं आकारमान लांबी × रुंदी × खोली इतकं झालं असतं. पण टोकं निमुळती असतात, म्हणून एका गुणकाने गुणायचं. रुंद, सपाट बोटीसाठी तो ०.७ धरू. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ टन प्रति घनमीटर.

खोली = १,१२० ÷ (८३.९ × ९.७ × ०.७ × १.०२५) = सुमारे १.९ मीटर.

आता तुमचा गाईड लगेच विचारेल, “०.७ कशावरून?” बरोबर आहे. म्हणून गुणक बदलून बघायचा. ०.६ धरला तर २.२ मीटर, ०.८ धरला तर १.७ मीटर. म्हणजे आपलं गृहीतक थोडं इकडे-तिकडे झालं तरी निष्कर्ष तोच राहतो: शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्यांएवढी नव्हे, अख्ख्या शाळेच्या इमारतीएवढी लांब बोट, आणि पाण्याखाली फक्त पुरुषभर. हा पहिला धडा: गृहीतक धरायला हरकत नाही, पण ते हलवून बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही.

उताराचं गणित

दोन मीटर ही सरासरी झाली. प्रत्यक्षात अशी बोट पुढे कमी आणि मागे जास्त बसवतात, कारण किनाराही उतरताच असतो. समजा पुढे १.२ मीटर आणि मागे २.८ मीटर. फरक १.६ मीटर आणि लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे तळाचा उतार जवळजवळ १:५२. महायुद्धातल्या एलएसटीचा आराखडाही १:५० च्या उताराचा किनारा डोळ्यासमोर ठेवूनच केला होता. तळ आणि वाळू यांचा उतार जुळला की सगळा तळ एकदम टेकतो आणि भार सगळीकडे सारखा वाटला जातो.

उतार जुळला नाही तर काय होतं?

• किनारा जास्त सपाट असला, समजा १:१००, तर बोटीचा मागचा भाग आधी टेकतो. गणित केलं तर त्या वेळी पुढच्या टोकाखाली जवळजवळ दोन मीटर पाणी असतं. दार उघडलं तर जवान डोकं बुडेल इतक्या पाण्यात.

• किनारा जास्त उभा असला, समजा १:२५, तर फक्त नाक टेकतं आणि मागचा भाग तरंगत राहतो. बाजूने लाट आली की बोट नाकाभोवती फिरते आणि आडवी होऊन किनाऱ्यावर फेकली जाऊ शकते.

म्हणून उतरण्याआधी किनाऱ्याचा उतार, वाळूचा घट्टपणा आणि भरती-ओहोटीची वेळ हे सगळं तपासावं लागतं. ओहोटी चालू असताना टेकलात आणि उशीर झाला, तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच अडकलात. परत कसं निघायचं, याचीही तयारी आधीच करावी लागते. किनाऱ्याकडे येतानाच मागच्या बाजूचा नांगर खोल पाण्यात टाकतात आणि त्याची तार सोडत पुढे येतात. काम झालं की विंचने ती तार ओढायची, बोट स्वतःलाच मागे खेचून घेते. विहिरीत उतरणारा माणूस दोर आधी वर बांधून मगच उतरतो, तसंच हे.

सगळीच जहाजं वाळूवर चढत नाहीत. ‘जलाश्व’ ही आपल्या नौदलाची मोठी बोट सुमारे १७३ मीटर लांब आणि १७ हजार टनांच्या आसपास आहे. ती किनाऱ्यावर चढली तर परत निघणारच नाही. म्हणून तिच्या मागच्या भागात एक हौद आहे. बॅलास्ट टाक्या भरून बोटीची मागची बाजू खाली दाबायची, हौदात समुद्राचं पाणी घ्यायचं, आणि आत ठेवलेल्या छोट्या उतरण-नौका तरंगत बाहेर पडतात. किनाऱ्याला त्या जातात, मोठी बोट लांब उभी राहते. गरज एकच, पण उत्तरं दोन. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असे पर्याय शेजारी शेजारी मांडून दाखवता आले पाहिजेत.

दुसरा प्रश्न: किती वापरली? बातमीतला आकडा कसा वाचायचा

गुलदारसोबत त्याच दिवशी तिच्या दोन बहिणीही निवृत्त झाल्या: ‘चीता’ आणि ‘कुंभीर’. तिघी पोलंडच्या ग्दिनियात बांधलेल्या, १९८४, १९८५ आणि १९८६ मध्ये दाखल झालेल्या. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात त्यांनी काम केलं, २००४ च्या त्सुनामीत मदत पोहोचवली. निवृत्तीच्या वेळी सरकारी निवेदनात तीन आकडे दिले होते: १२,३०० हून जास्त दिवस समुद्रात, सुमारे १७ लाख सागरी मैल प्रवास आणि किनाऱ्यावर चढण्याच्या १,३०० हून जास्त मोहिमा.

वाचून आपण “वा!” म्हणतो आणि पुढे जातो. संशोधकाने इथे थांबायचं असतं. पहिला प्रश्न: १२,३०० दिवस एका बोटीचे की तिघींचे मिळून?

तपासू. तिघींची सेवा मिळून साधारण ११५ वर्षं होतात, म्हणजे सुमारे ४२ हजार दिवस. आकडा एकेका बोटीचा असेल, तर प्रत्येक बोट आयुष्यातले जवळजवळ ८८ टक्के दिवस समुद्रात होती असं होईल. हे शक्य नाही. दुरुस्ती, रंगकाम, इंधन, सुट्ट्या कधी? आकडा तिघींचा मिळून धरला तर वाटा येतो सुमारे २९ टक्के. हे पटण्यासारखं आहे.

आता प्रवास. १७ लाख सागरी मैल ÷ १२,३०० दिवस = दिवसाला सुमारे १३८ मैल. चोवीस तासांनी भागलं तर वेग पावणेसहा नॉटच्या आसपास. अशा बोटीचा कमाल वेग मात्र १६-१८ नॉट असतो. मग आकडे चुकीचे आहेत का? नाही. ‘समुद्रातला दिवस’ म्हणजे चोवीस तास धावणं नव्हे. त्यात नांगर टाकून थांबणं आलं, हळूहळू गस्त घालणं आलं, अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या आल्या. या बोटी अंदमान-निकोबार कमांडकडे होत्या आणि तिथे जवळजवळच्या बेटांमध्ये काम असतं, हेही लक्षात घ्या.

तिसरा आकडा माझ्या विषयाच्या सगळ्यात कामाचा. १,३०० ÷ ११५ म्हणजे एका बोटीमागे वर्षाला साधारण ११. प्रत्येक बोट सरासरी महिन्यातून एकदा वाळूवर घासली गेली, आणि हे जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

दुसरा धडा: आकडा उतरवून घेण्याआधी त्याला भागून बघा. कुणाचा आहे, कशाचा आहे आणि शक्य आहे का, हे भागाकारातच कळतं.

तिसरा प्रश्न: बाद का झाली?

आता आपल्या घरातल्या पितळेच्या पातेल्याकडे वळू. आतून कल्हई असेल तोवर त्यात ताक ठेवा, आमटी करा, काही होत नाही. कल्हई उडाली की ताक कळकतं. कल्हई हा धातू आणि आंबट पदार्थ यांच्यामधला पडदा आहे. रोज राखेने किंवा वाळूने घासलं की पडदा झिजतो, मग कल्हईवाल्याला बोलवायचं आणि नवीन पडदा चढवायचा.

जहाजाचा रंग म्हणजे त्याची कल्हई. साध्या जहाजाचा तळ पाण्यात असतो, त्याला कुणी घासत नाही. किनाऱ्यावर चढणाऱ्या बोटीचा तळ मात्र महिन्याला एकदा अख्ख्या बोटीच्या वजनाखाली वाळूवर रगडला जातो. कल्हईवाला म्हणजे गोदी. बोट कोरड्या गोदीत घेतल्याशिवाय तळाला रंग लागत नाही, आणि ते दर महिन्याला होत नाही. समजा दोन वर्षांनी बोट गोदीत गेली, तर मधल्या काळात वीस-बावीस वेळा तळ घासला गेलेला असतो.

रंगाला ओरखडा पडला तर बिघडलं कुठे, थोडंसंच लोखंड उघडं पडलं ना? खरी गंमत इथेच आहे. जहाजाचा पंखा बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो. खारट पाण्यात तांबं आणि लोखंड विजेच्या दृष्टीने जोडलेले असले की बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं लोखंड. सगळंच लोखंड उघडं असेल तर झीज सगळीकडे थोडी थोडी वाटली जाते. पण रंगाखाली झाकलेल्या तळावर एकच लहान ओरखडा असेल, तर सगळा प्रवाह त्या एका ठिकाणाहून जातो आणि तिथे खोल खड्डा पडतो. क्षरणशास्त्रात हे पाठ करूनच ठेवा: लहान ऋजू भाग आणि मोठा उदात्त भाग ही जोडी सगळ्यात वाईट.

त्यावर उपाय म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त लोखंडाआधी झिजतं, स्वतःचा बळी देऊन लोखंडाला वाचवतं. कल्हई आणि जस्त यांच्यातला फरक नीट समजून घ्या. कल्हई हा पडदा आहे, जस्त हा बळी आहे. पडदा फाटला तर त्याचा उपयोग संपतो. बळी लांबून जोडलेला असला तरी काम करत राहतो, फक्त तो संपण्याआधी बदलावा लागतो.

आता बॅलास्ट टाक्यांकडे येऊ. त्या सतत भरतात आणि रिकाम्या होतात. पूर्ण बुडालेलं लोखंड एकवेळ बरं, कारण पाण्यात प्राणवायू मोजकाच असतो आणि तिथे जस्तही काम करतं. ओलसर भिंत, वर मीठ आणि भरपूर हवा ही स्थिती सगळ्यात घातक. टाकी रिकामी असली की जस्ताला पाण्याचा मार्ग मिळत नाही, त्यामुळे बळीही कामाला येत नाही. वर टाक्या अंधाऱ्या, अरुंद. आत शिरून रंग लावणं अवघड. ज्या टाक्यांमुळे बोट समुद्रातही चालते आणि किनाऱ्यावरही चढते, त्याच आतून तिचं आयुष्य खातात. मघाशी खलनायक म्हटलं ते यासाठी.

आकड्यात बघू. समुद्राच्या पाण्यात उघडं साधं पोलाद सरासरी वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास झिजतं, खड्डे त्याहून जलद खोल जातात. उदाहरणादाखल ८ मिलिमीटरचा पत्रा घ्या. संरक्षण नसेल आणि एकाच बाजूने झिजत असेल तर ३८ वर्षांत ३.८ मिलिमीटर गेला. दोन्ही बाजूंनी झिजत असेल तर जवळजवळ काहीच उरत नाही.

आणि पत्रा आरपार जाईपर्यंत थांबायचंही नसतं. पातळ पत्रा दाबाखाली आधी वाकतो. पत्रा किती दाब सहन करून सरळ राहील, ते त्याच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतं. जाडी २५ टक्के कमी झाली तर क्षमता ०.७५ × ०.७५ म्हणजे ०.५६ उरते, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के गेली. म्हणूनच तपासणीत साधारण २० ते २५ टक्के झीज दिसली की पत्रा बदलायला सांगतात. ध्वनिलहरींच्या उपकरणाने जागोजागी जाडी मोजतात आणि नकाशा काढतात.

प्रयोगशाळेत आम्ही हेच छोट्या प्रमाणावर करतो. धातूचा एक तुकडा, म्हणजे कूपन, तोलायचं, खारट पाण्यात ठेवायचं, काढून साफ करून पुन्हा तोलायचं. सूत्र असं:

वर्षाला झीज (मिलिमीटर) = ८७.६ × घटलेलं वजन ÷ (घनता × क्षेत्रफळ × वेळ)

वजन मिलिग्रॅममध्ये, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटर, वेळ तासांत. एककं चुकली की उत्तर हजारपट चुकतं. हे सूत्र सरासरी झीज देतं, खड्ड्याची खोली देत नाही, हेही विसरू नका. बोटीला बुडवतो तो खड्डा, सरासरी नाही.

झीज सोडून आणखी दोन कारणं असतात. एक थकवा: लाटेवर बोट कधी मधून उचलली जाते, कधी टोकांवर, आणि ही वाकावाक लाखो वेळा होते. या बोटींना पुढे मोठं दार असतं आणि आत गाड्यांसाठी लांबलचक मोकळी जागा ठेवावी लागते. दाराच्या कोपऱ्यांवर ताण साठतो आणि तडे तिथून सुरू होतात. दुसरं कारण म्हणजे सुटे भाग. पोलाद टिकलं तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा पार्ट मिळणं अवघड होतं. पत्रा बदलता येतो, बंद पडलेला कारखाना परत उघडता येत नाही.

म्हणूनच ‘आयुष्य’ हा एक आकडा नसतो. ‘मगर’ १९८७ मध्ये दाखल झाली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाली, ३६ वर्षं. ‘जलाश्व’ १९७१ मध्ये अमेरिकेत ‘ट्रेंटन’ नावाने सुरू झाली, २००७ मध्ये आपल्याकडे आली, आणि मे २०२० मध्ये कोविडच्या काळात मालदीवमधून ६९८ भारतीयांना एका फेरीत कोचीला घेऊन आली, तेव्हा तिचं वय जवळजवळ पन्नास होतं. अमेरिकेतली महायुद्धातली एलएसटी-३२५ तर आजही संग्रहालय म्हणून जपलेली आहे आणि नदीत चालते. तेच घराणं, तशाच प्रकारचं पोलाद. फरक पडतो तो देखभालीने, कामाने आणि पैशाने. तिसरा धडा: ‘किती टिकतं?’ हा अर्धा प्रश्न आहे. ‘कशासाठी, कुणी सांभाळलं आणि किती खर्चात?’ जोडलं की तो संशोधनाचा प्रश्न होतो.

चौथा प्रश्न: बुडवल्यावर काय?

जुनी बोट साधारणपणे भंगारात जाते. पहिली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईत तोडली गेली. गुलदारसाठी वेगळा मार्ग निवडला गेला. केंद्राने या प्रकल्पाला ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. वाचायला छान वाटतं: बोट बुडवा, मासे येतील, पर्यटक येतील. पण यात तीन अवघड गोष्टी आहेत.

पहिली, सफाई. जुन्या बोटीत तेल, ग्रीस, जुन्या तारांची आवरणं, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग असू शकतात. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून एके काळी कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचे रंग वापरत. ते समुद्री जिवांना इतके घातक ठरले की २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच त्यांच्यावर बंदी आहे. भांड्यावर कल्हई म्हणून निर्धोक असलेलं कथिल सेंद्रिय संयुगात विष होतं, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवा.

दुसरी, सरळ बुडवणं. अमेरिकेत ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाची अशीच सैनिक उतरवणारी बोट मे २००२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडवायची होती. ती ठरलेल्या वेळेआधीच बुडायला लागली आणि उलटी झाली, नाक पाण्याबाहेर. जूनमध्ये मोठ्या खटाटोपाने ती तळाशी नेली, तर कुशीवर पडली. २००५ मध्ये एका चक्रीवादळाने तिला सरळ उभं केलं! बोट पाणी घेताना अर्धवट भरलेल्या मोकळ्या दालनात पाणी एका बाजूला धावतं आणि ती कलंडते. गाड्यांसाठी ठेवलेली लांब मोकळी जागा इथेही आडवी येते. गुलदारच्या बाजूने एक गोष्ट आहे: तिचा तळ सपाट आहे. वाळूवर सरळ बसण्यासाठीच ती बांधलेली आहे.

तिसरी गोष्ट खऱ्या अर्थाने संशोधनाची, आणि इथे उशीर चालत नाही. बुडालेल्या बोटीवर मासे दिसतात, हे खरं. पण ते मासे *वाढले* की फक्त आजूबाजूहून *गोळा झाले*? दुष्काळात एका टँकरभोवती गर्दी दिसली म्हणून गावात पाणी वाढलं असं आपण म्हणत नाही. कृत्रिम भित्तींबद्दल हा वाद जगभर अनेक दशकं चालू आहे. निवतीच्या मच्छीमारासाठी तो पुस्तकी नाही. मासे वाढले तर त्याचा फायदा. नुसते गोळा झाले आणि त्या जागी जाळं टाकायला मनाई झाली, किंवा जाळं बोटीत अडकून फाटलं, तर त्याचा तोटा. जवळच मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, म्हणजे जैवविविधतेच्या दृष्टीनेही ही जागा साधी नाही.

हे ठरवायचं कसं? चार कप्प्यांत मोजावं लागतं: बुडवण्याच्या जागी आधी आणि नंतर, आणि तशाच पण बोट नसलेल्या दुसऱ्या जागी आधी आणि नंतर. बोटीजवळ मासे वाढले आणि दुसऱ्या जागी तेवढेच कमी झाले, तर ते गोळा झाले. दोन्हीकडे वाढले तर कदाचित त्या वर्षी पाऊस-पाणीच चांगलं होतं. फक्त बोटीजवळ वाढले आणि दुसरीकडे तसेच राहिले, तरच भित्तीचं श्रेय. मासे इकडून तिकडे जातात, म्हणून दुसऱ्या जागा एकापेक्षा जास्त आणि वेगवेगळ्या अंतरावर हव्यात, आणि मोजणी एका हंगामाची चालत नाही.

यातला ‘आधी’चा कप्पा एकदाच भरता येतो. बोट तळाला गेली की तो कायमचा बंद. नंतर कितीही निधी आला, कितीही चांगली उपकरणं आली, तरी ते मोजमाप परत मिळत नाही. पोलाद बदलता येतं, हुकलेला ‘आधी’ बदलता येत नाही. चौथा धडा: प्रयोग सुरू होण्याआधीचं मोजमाप हाच प्रयोगाचा पाया. आपल्या गावातही हे लागू आहे. नवा बंधारा होणार असेल तर विहिरींची पातळी आज मोजा. महामार्ग रुंद होणार असेल तर धूळ आज मोजा. उद्घाटनानंतर ‘आधी कसं होतं’ हे फक्त आठवणीत उरतं, आणि आठवण प्रबंधात चालत नाही.

तुमच्यासाठी काम

१. ‘जलाश्व’ची लांबी १७३ मीटर आणि वजन १७ हजार टन घ्या. रुंदी शोधा, गुणक ०.५ ते ०.६ धरून ती किती खोल बसते ते काढा. ती वाळूवर का चढत नाही, ते दोन ओळीत लिहा.

२. पुढचा ड्राफ्ट १.२ आणि मागचा २.८ मीटर धरून, १:७० उताराच्या किनाऱ्यावर कोणता भाग आधी टेकेल? त्या वेळी पुढच्या टोकाखाली किती पाणी असेल?

३. घरातली एक धातूची वस्तू घ्या: पातेलं, पत्र्याची कोठी, मोटारीचा पाइप, काहीही. वरचे चारही प्रश्न तिला विचारा आणि एक पान लिहा. पेटच्या मुलाखतीत “तुमचा विषय कसा सुचला?” असं विचारलं तर तेच पान तुमचं उत्तर असेल.

दुसऱ्या गणिताचं उत्तर कमेंटमध्ये नुसतं लिहू नका, पायऱ्यांसकट लिहा. पुढच्या लेखात आपण कूपनचा प्रयोग घरच्या घरी, मिठाचं पाणी आणि चार खिळे घेऊन कसा करायचा ते बघू. एक खिळा कोरडा ठेवायचा आहे. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.